भार कुठे पडतो?

पेशंट समोर बसला की मी त्याचा पाय नंतर बघतो, आधी जुनी चप्पल मागतो. लोक बिचकतात. 'अहो, ती आता टाकूनच द्यायचीय,' म्हणतात. मी म्हणतो, तीच द्या. ती उलटी करून तळ बघायचा, मग सुलटी करून आतला भाग. बोटांच्या मुळाशी जिथे चामडं काळं, गुळगुळीत होऊन खोलगट झालेलं असतं, बरोबर तिथेच पायाला घट्टा असतो, आणि पुष्कळदा घट्ट्याखाली जखम. बूट असेल तर आत हात घालून चाचपतो. खिळ्याचं टोक निघतं, खडी निघते. एका काकांच्या बुटातून नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक निघालं. तो बूट घालून ते रोज दुकानात जात होते, उभ्याने गिऱ्हाईक करत होते. टोचलं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, 'टोचलं असतं तर काढलं नसतं का?'

मी ऑर्थोटिस्ट आहे. घराणं कोल्हापूरचं, सुभाषनगरात वडिलांचं चपलांचं काम. रापीने चामडं छिलायला शाळेत असतानाच शिकलो. पुढे मुंबईला हाजीअलीच्या संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. आता पुण्यात मधुमेही पायांच्या एका दवाखान्यात सर्जनच्या शेजारच्या खोलीत बसतो. प्लास्टर घालतो, इनसोल घासतो, चपला बांधतो. घरी अजून चेष्टा चालते, एवढं शिकून शेवटी चपलाच करतोस. करतो. माझ्या मांडीवर पाय ठेवायची वेळ आली की म्हातारी माणसं आधी हात जोडतात. मोठ्या माणसाने आपल्याला पाय लावायचा हा संकोच जाईपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं, हेही कामाचाच भाग.

आयसीएमआरने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीचा अंदाज असा, की भारतात मधुमेह असलेली माणसं १० कोटींच्या वर आहेत. पायांवर संशोधन करणारे जगभरचे लोक सांगतात, की मधुमेह असलेल्या शंभर जणांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते. त्याहून मला अस्वस्थ करणारा आकडा पुढचा आहे. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास, आणि पाच वर्षांत ६५ टक्क्यांच्या. म्हणून आमच्या सर्जनबाई 'बरी झाली' असं कधी लिहीत नाहीत. 'सध्या भरलेली आहे' असं लिहितात.

ती पुन्हा का उघडते? साखर वाढली, पथ्य मोडलं, ही कारणं घरच्यांना लगेच सुचतात. ती खोटी नाहीत. पण मी ज्या खुर्चीवर बसतो तिथून वेगळंच दिसतं. जखम भरली तरी पाय तोच राहतो, चालणं तेच राहतं आणि भार पुन्हा त्याच जागी पडतो.

बऱ्याच वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा तीन तऱ्हांनी बिघडतात. एक तर बधिरपणा येतो. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग, मग हळूहळू काहीच नाही. आग थांबली म्हणून पेशंट खूश होतो आणि आम्ही धास्तावतो. दुसरं, पावलातले बारीक स्नायू सुकतात. त्यामुळे बोटं वाकून नखांच्या टोकांवर उभी राहतात आणि चवड्याखालच्या लांब हाडांची टोकं खाली घुसतात. हाडाखाली असलेली चरबीची गादीही पुढे सरकलेली असते. तिसरं, घाम आटतो. कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. अशा पायाच्या एका बोटभर जागेवर शरीराचं वजन दिवसातून हजारो वेळा पडलं की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, हाच घट्टा. पण घट्टा म्हणजे बुटात राहिलेल्या खड्यासारखाच, तो दाब आणखी वाढवतो. त्याच्या खाली रक्त साकळतं, मांस फुटतं, आणि वरून मात्र सगळं टणक, कोरडं दिसत राहतं. भोवरी समजून कुणी ब्लेडने तासतं, कुणी मेडिकलमधून कॉर्नची पट्टी आणून लावतं. त्या पट्टीतल्या आम्लाने बधिर कातडी जळते. मग पू येतो आणि मग आमच्याकडे.

आपल्याकडच्या पायांबद्दल इथल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा नोंदवलेली गोष्ट अशी, की पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्या पेशंटांत रक्तवाहिन्या बंद पडल्याने होणाऱ्या जखमा कमी, आणि बधिरपणा अधिक जंतुसंसर्ग यांनी होणाऱ्या जास्त. म्हणजे पायात रक्त पोचतंय, मांस भरून यायला तयार आहे, आणि तरीही पाय जातो.

हे सगळं पहिल्यांदा नीट कळलं ते मधुमेहाच्या पायावरून नव्हे, कुष्ठरोगाच्या. पॉल ब्रँड हे सर्जन १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले, लंडनला शिकले आणि १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णाचं मांसच नासकं, ते भरायचं नाही, असं तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड यांनी शस्त्रक्रिया केल्या तर जखमा इतरांसारख्याच भरल्या. म्हणजे मांस चांगलं होतं. दुखणं नाहीसं झाल्यामुळे माणूस स्वतःचेच हातपाय झिजवत होता. रुग्णांची बोटं रात्रीतून कमी कशी होतात हे बघायला पहारा ठेवला, तेव्हा उंदीर येऊन कुरतडताना सापडले; झोपलेल्या माणसाला पत्ताच नाही. त्यावर उपाय म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर देऊ लागले. मला वैद्यकातला हा सर्वांत शहाणा उपाय वाटतो.

त्यांच्याही आधी, १९३० च्या दशकात, भारतात आणि सिलोनमध्ये कुष्ठरुग्णांच्या पायाला प्लास्टर घालून तळव्याच्या जखमा भरून आणल्या जात होत्या. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि ही विद्या सोबत गेली. तिथे लक्षात आलं, की मधुमेही पायाची जखम हुबेहूब अशीच आहे. आज जगभर मधुमेहाच्या दवाखान्यात तळव्याला नायलॉनचा एक तंतू टेकवून बधिरपणा तपासतात. दहा ग्रॅमचा भार पडला की तो वाकतो; तो टेकलेला कळला नाही तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. हा दहा ग्रॅमचा आकडा पक्का करण्यात कारव्हिलच्या लोकांचा मोठा वाटा आहे.

आमच्या कामातला एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, हाही कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतूनच मधुमेहाच्या दवाखान्यांत आला. त्यात हवेचे असंख्य बारीक बंद बुडबुडे असतात. अंगठ्याने दाबला की दबतो, सोडला की वर येतो. ज्या जागी वर यायचं थांबलं ती जागा गेली. वरून चप्पल नवी दिसत असली तरी बदलायची. तळाला वेगळं कडक रबर लावायचं, नाहीतर काटा आरपार जातो. अंगठ्याचा पट्टा नको, मागे टाचेला पट्टा हवा, आणि आत एकही खिळा नको. कोल्हापुरी चपलेतही खिळा नसतो, ती चामड्याच्या वादीने शिवतात. तेवढ्यापुरता आमच्या वाडवडिलांचा हात बरोबर होता. पण कडक तळ आणि अंगठ्यात अडकवायची ती पट्टी बधिर पायाला चालत नाही. चप्पल निसटू नये म्हणून बोटं आपोआप आवळली जातात आणि पट्टी घासते ती कळत नाही. कापशीची देखणी कुरकुर वाजणारी चप्पल हातात घेऊन 'हीच घालू ना?' विचारणाऱ्या गावाकडच्या आबांना नाही म्हणताना मला त्रास होतो. तरी म्हणतो.

चेन्नईच्या विजय विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली आपल्याकडच्या पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एमसीआर किंवा तशाच मऊ गाद्यांची पादत्राणं वापरणारे एकीकडे, नेहमीच्या कडक तळाची वापरणारे दुसरीकडे. कडक तळवाल्यांच्या पायांना नव्या जखमा कितीतरी जास्त झाल्या. एमसीआर महाग नाही, परदेशी नाही. तरी लोक नाकारतात, कारण जाड काळी पट्ट्यांची ती चप्पल 'कुष्ठरोग्यांची' म्हणून ओळखली जाते. एका मावशींनी मला तसं तोंडावर सांगितलं. तेव्हापासून मी वरचे पट्टे तपकिरी, मरून, कधी नक्षीच्या चामड्याचे लावतो. एमसीआर आत असतो, कुणाला दिसत नाही.

चप्पल हा जखम टाळण्याचा उपाय. जखम झालेलीच असेल तर काय करायचं, यावर गेल्या पंचवीस वर्षांत जे संशोधन झालं ते मला फार आवडतं, कारण त्यात माणसाचा स्वभाव उघडा पडतो. अमेरिकेतले पायाचे सर्जन डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तळव्याला जखम असलेल्या ६३ जणांना तीन गटांत वाटलं. एका गटाला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पाऊल आणि पोटरीला अंगासरशी बसणारं प्लास्टर. यात तळव्यावरचा भार सगळ्या पावलावर आणि पोटरीवर वाटला जातो, शिवाय माणूस चालूही शकतो. दुसऱ्या गटाला पट्ट्यांनी घालता-काढता येणारा उंच बूट, तिसऱ्याला अर्ध्या तळाची चप्पल. बारा आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी ८९.५ टक्क्यांची जखम भरली, बूटवाल्यांपैकी ६५ टक्क्यांची, चप्पलवाल्यांपैकी ५८.३ टक्क्यांची.

आता गंमत अशी, की प्रयोगशाळेत मोजलं तर तो बूटही प्लास्टरइतकाच भार कमी करतो. मग फरक कुठे पडला? २००३ साली त्यांनी पेशंटच्या कमरेला पावलं मोजणारं यंत्र लावलं आणि दुसरं त्याच्या नकळत बुटात दडवलं. दोन्ही आकडे ताडून बघितले. माणसं जेवढी चालत होती त्यातल्या फक्त २८ टक्के चालण्याच्या वेळी बूट पायात होता. ही जखम असलेली, पाय जाईल अशी ताकीद मिळालेली माणसं होती. मग २००५ साली त्यांनी तोच बूट घेतला आणि वरून पट्टी गुंडाळून तो काढता येणार नाही असा करून टाकला. ५० जणांत बघितलं. काढता न येणाऱ्या बुटात ८२.८ टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या त्याच बुटात ५१.९ टक्के. औषध तेच, ड्रेसिंग तेच. मधे फक्त एक पट्टीची गुंडाळी.

मी हे पेशंटच्या मुलांना समजावून सांगतो, तेव्हा ते बापाकडे रागाने बघतात. मला राग येत नाही. दुखत नसेल तर कोण जड बूट घालून संडासला जाईल? दुखणं हेच आपल्याला लंगडायला लावतं. लंगडणं म्हणजे शरीराने स्वतःच भार हलवणं. बधिर पायाचा माणूस जखमेवर पूर्ण वजन देऊन ताठ चालत येतो. दारातून ताठ चालत आलेला, तळव्याला भोक पडलेला माणूस बघितला की नवखे डॉक्टर चकित होतात.

प्लास्टर सगळ्यांना चालत नाही हेही सांगून टाकतो. पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा आत पू साठला असेल तर झाकून ठेवणं घातक. ते ठरवणं सर्जनचं काम. पण उपायाच्या यादीत मलम पहिलं आणि भार कमी करणं शेवटी, हा क्रम मला रोज उलटा करावा लागतो. महागड्या ट्यूबा, चांदीच्या पट्ट्या, मध, सगळं लावून लोक त्याच जखमेवर चालत येतात.

घरात चप्पल हा तर आपला खास प्रश्न. नेदरलँड्समध्ये सिको बुस आणि त्यांच्या गटाने जखम भरलेल्या १७१ जणांना मापाचे बूट दिले. त्यातल्या निम्म्यांच्या बुटात दाब मोजून, पुन्हा पुन्हा घासून तो कमी केलेला. दीड वर्षात दोन्ही गटांत जखमा उलटण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. चप्पल करणाऱ्याला हे वाचून घाम फुटतो. पण त्यांनी पुढे बघितलं: जे ८० टक्के किंवा जास्त पावलं बूट घालून चालले, त्यांच्यात सुधारलेल्या बुटांमुळे प्रमाण ४७.८ वरून २५.७ टक्क्यांवर आलं. आणि त्याच पेशंटांच्या मोजणीत असंही दिसलं, की बाहेर ८७ टक्के पावलं बुटात पडतात आणि घरात ६१. चालणं तर घरातच जास्त.

हे झालं डचांचं, जे घरात चपला-बूट घालायला फारसे लाजत नाहीत. आपल्याकडे उंबरठ्याबाहेर चप्पल निघाली की बाईचा सगळा दिवस अनवाणी: ओटा, मोरी, देवघर, गच्ची. 'स्वयंपाकघरात चप्पल? आमच्यात नाही चालत,' हे मी इतक्या आजींकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही. घरची वेगळी जोडी करून देतो. रंग फिका, तळ पांढरा, बाहेर कधीच न गेलेली. एका आजींनी तीही देवघराच्या दाराशी काढायला सुरुवात केली. मग त्यांच्या सुनेने तोडगा काढला, की पूजा खुर्चीवर बसून करायची. मांडी घालून बसल्याने घोट्याच्या बाहेरच्या हाडावर घट्टा पडतो, तोही त्यामुळे कमी झाला. तो तोडगा मी आता इतरांना सांगतो. सुनेचा म्हणून सांगत नाही, नाहीतर सासवा ऐकत नाहीत.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आलेले पाय वेगळे ओळखू येतात. दगडी फरशीवर भाजून तळव्याला दोन्हीकडे सारखे फोड. आषाढात वारीहून परतलेल्यांना बोटांच्या बेचक्यात चिखल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली, आणि तिथूनच जंतू आत शिरतात. वारीला जाऊ नका, असं मी कुणाला सांगत नाही, सांगून उपयोगही नसतो. मोज्यांचे जादा जोड न्या, मुक्कामी बेचक्या कोरड्या पुसा, रात्री कुणाला तरी तळवे दाखवा, एवढं सांगतो. आणि थकल्या पायांना ऊन पाण्यात बुडवू नका. पाणी किती गरम आहे ते त्या पायाला कळत नाही.

आता शेजारच्या खोलीबद्दल. पायाचा सर्जन म्हणजे कापणारा, अशी लोकांची धास्ती असते. पण बाई करतात त्यातल्या निम्म्या शस्त्रक्रिया बघितल्या तर त्या माझंच काम करत असतात, फक्त आतून. साखरेमुळे टाचेमागची जाड कंडरा कडक आणि आखूड होते. मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. सेंट लुईसमधल्या मायकेल म्यूलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली चवड्याला जखम असलेल्या ६४ जणांवर चाचणी केली. निम्म्यांना फक्त प्लास्टर, निम्म्यांना प्लास्टर आणि त्याबरोबर बारीक छेद देऊन ही कंडरा थोडी लांब करणं. दोन्हीकडे जखमा जवळजवळ सगळ्यांच्या भरल्या. पण सात महिन्यांत नुसत्या प्लास्टरवाल्यांपैकी ५९ टक्क्यांची जखम उलटली, कंडरा लांब केलेल्यांपैकी १५ टक्क्यांची. दोन वर्षांनी ८१ आणि ३८. कंडरा गरजेपेक्षा जास्त सैल झाली तर भार टाचेवर जातो आणि टाचेची जखम चवड्याच्या जखमेपेक्षा चिवट. म्हणून बाई हात राखून करतात आणि लगेच माझ्याकडे पाठवतात.

वाकलेल्या बोटाच्या टोकाला जखम असेल तर बोटाखालची दोरी सुईने किंवा बारीक पात्याने तोडतात. ओपीडीतच, काही मिनिटांत. बोट सरळ होतं, टोकावरचा भार जातो. अनेकांना वाटतं एवढंसं करून काय होणार. डेन्मार्कमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही दोरी तोडलेल्यांच्या जखमा न तोडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त भरल्या.

हाडात जंतू शिरले म्हणजे बोट काढायचंच, असंही आता राहिलेलं नाही. माद्रिदच्या गटाने २०१४ साली चवड्याच्या हाडात जंतुसंसर्ग झालेल्या, पण रक्तपुरवठा ठीक असलेल्या पेशंटांत अँटिबायोटिक्स आणि खराब हाडाचा तुकडाच काढणारी शस्त्रक्रिया यांची तुलना केली. भरण्याचं प्रमाण ७५ आणि ८६ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात दोन्ही सारखीच. निवडून घेतलेल्या पेशंटांची ही लहान चाचणी होती. पण बोट वाचवायला वाव आहे हे त्यातून दिसलं. बोट गेल्यावर काय होतं हे माझ्या खोलीत दिसतं. अंगठा काढला की 'सुटलो' म्हणून पेशंट घरी जातो आणि काही महिन्यांत दुसऱ्या बोटाच्या मुळाशी घट्टा घेऊन येतो, कारण अंगठ्याचा भार आता तिथे. रिकाम्या जागी मी भराव बसवतो, तळाला झोपाळ्यासारखी गोलाई देतो, म्हणजे चालताना पाऊल न वाकता पुढे लोळतं.

शार्को फूटबद्दल बोललो नाही तर बाई मला आत घेणार नाहीत. एके दिवशी पाऊल सुजतं, लाल होतं, गरम लागतं. दुखत नाही किंवा अगदी थोडं. मुरगळलं असेल, जंतू असतील, युरिक ॲसिड असेल, असे अंदाज चालतात आणि माणूस चालत राहतो. आत मात्र पावलाच्या कमानीतली हाडं मोडत, सरकत असतात. महिन्या-दोन महिन्यांत कमान बसते, तळवा नावेच्या बुडासारखा फुगतो, आणि त्या फुगवट्यावर जखम होते. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली हा सांध्यांचा विकार वर्णन केला तो मज्जारज्जूच्या दुखण्यात. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ साली जॉर्डन यांनी दाखवला. वेळेवर सापडला तर उपाय प्लास्टरच, कित्येक महिने, पाय थंड होईपर्यंत. उशीर झाला तर आडव्या-उभ्या स्क्रूंनी आणि बाहेरून लावलेल्या कड्यांच्या चौकटीने सर्जन पाय पुन्हा सपाट करायला बघतात. ती लांबची, अवघड, अपयशाचीही तयारी ठेवून करायची शस्त्रक्रिया. त्यापेक्षा सुजलेल्या पायाला वेळेवर हात लावून बघणं स्वस्त. बधिर माणसाचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर ते मोडलेलं आहे असं समजून बसवा आणि डॉक्टरकडे न्या.

पायाच्या उष्णतेवर संशोधनही झालंय. टेक्सासच्या लॅव्हरी यांनी २००७ साली धोक्याच्या पायांच्या १७३ जणांवर प्रयोग केला. एका गटाने रोज दोन्ही तळव्यांचं तापमान मोजायचं, एखाद्या जागी सुमारे सव्वादोन अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला तर चालणं कमी करून दवाखान्यात कळवायचं. पंधरा महिन्यांत त्या गटात ८.५ टक्क्यांना जखम झाली, नेहमीची काळजी घेणाऱ्यांत २९.३ टक्क्यांना. नंतर नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत फरक एवढा ठळक दिसला नाही. माझं मत विचाराल तर मोजण्यापेक्षा मोजल्यावर बसून राहणं महत्त्वाचं, आणि तेच अवघड.

घरी यंत्र नको, पैसे नकोत अशी एक तपासणी मात्र प्रत्येकाने करावी. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या जेरी रेमन यांच्या गटाने ती २०११ साली मांडली. माणसाला डोळे मिटायला सांगा. त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर होतोय. नातवंडं हे आवडीने करतात. माझ्याकडे कितीतरी आजोबा नातवाने 'नापास' केलं म्हणून आले.

नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी 'स्टेप बाय स्टेप' हा कार्यक्रम पुढाकार घेऊन उभा केला, त्यात एका डॉक्टरला आणि त्याच्याबरोबर एका नर्सला जोडीने शिकवलं जायचं. भारतात, शेजारच्या देशांत आणि टांझानियात तो चालला. जोडीने, कारण डॉक्टरला पाय बघायला वेळ नसतो आणि नर्सला एकटीला अधिकार नसतो. ही व्यवस्था फार व्यवहारी वाटते मला. फक्त त्या जोडीत तिसरा माणूस हवा होता, चप्पल करणारा. तालुक्याच्या गावी एमसीआर घासून मापाची चप्पल देणारा माणूस आजही शोधून सापडत नाही, आणि चामड्याच्या कामात हात बसलेली पोरं त्याच गावांतून काम सोडून रिक्षा घेताहेत.

गुडघ्याखालून किंवा वरून पाय गेलेल्यांपैकी पाच वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं दगावतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात हा आकडा ५६.६ टक्के आहे, आणि सगळ्या कर्करोगांचा मिळून ३१. मृत्यूचं कारण बहुधा हृदय किंवा मूत्रपिंड असतं, पाय नव्हे. पण पाय गेला तिथवर शरीराची काय अवस्था झालेली असते ते यातून कळतं. उरलेल्या पायावरचा भार तर त्याच दिवसापासून वाढतो. कुबडीवर उड्या मारत जाताना सगळं वजन त्या एका चवड्यावर आदळतं. म्हणून जयपूर फूटचं माप द्यायला कुणी आलं, की मी आधी दुसऱ्या पायाचा मोजा काढायला लावतो. मुलगा घाईत असतो, म्हणतो, 'तो पाय चांगला आहे हो.' तळवा वर करून बघतो तर पहिल्या बोटाच्या मुळाशी घट्टा, मधोमध काळसर ठिपका. मग जयपूर फूट राहतो बाजूला. बाईंना हाक मारतो, घट्टा तासून घेतो आणि शाईच्या पॅडवर त्या उरलेल्या पायाचा ठसा उमटवून चपलेला लागतो.